दुसरी हातोडी

चिंचवड,
रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९५७

कोंडाजीस मन्सूरचा सलाम. अंबुवहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. कनीजचा खोकला दिवाळीपासून थांबला. हसीना चौथीत गेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढते. मोशीची ज्वारी यंदा कशी आहे? नदीकडच्या पट्ट्यात चिकटा पडलाय असं इकडे कोणीतरी म्हणत होतं. तुमची वाचली असेल, अशी आशा करतो.

गेल्या सोमवारी कारखान्याच्या फाटकावर तू अचानक समोर आलास. फाटक खाली बसलंय, बिजागरी बदलायचीय, एवढाच निरोप होता. फाटकावर पहारेकरी कोण, हे मला ठाऊक असतं तर मी हाताखालच्या माणसाला पाठवलं असतं. तू स्टूल सोडून उठलास, टपरीवरून चहा आणलास आणि म्हणालास, "कनीजवहिनी बऱ्या हाईत का? तू कुटं दिसतच न्हाईस, मन्सूर." मी म्हणालो, काम फार. ते खोटं होतं. दोन वर्षं मी चाकणच्या बाजारातसुद्धा तुझी चाहूल लागली की दुसऱ्या गल्लीने जातो.

चहा पिताना तू एकच विचारलंस, "वर रानाकडं गेलतास का कदी?" मी नाही म्हणालो. तेही खोटं. म्हणून आधी रानाचं सांगतो.

दसऱ्यानंतर लाकूडवाल्या ज्योतीरामशेठच्या लॉरीचा आस वाडा गावाच्या पुढे तुटला. दुरुस्तीला मी गेलो. नवा आस यायला दोन दिवस होते, म्हणून माल भरतात तिथपर्यंत चालत गेलो. तू जंगल खात्यात राखणदार होतास तेव्हाची भोरगिरीच्या वरची तुझी चौकी ओळखू आली ती नुसत्या जोत्यावरून. तुला आठवतं, आपण दोघे तिथे बसायचो तेव्हा भर दुपारीसुद्धा वाचायला कंदील लागायचा, एवढी झाडी. आता तिथून थेट खालचं कोकण दिसतं. जांभूळ, अंजन, हिरडा, काही ठेवलेलं नाही. झऱ्यात चिखल होता. तोडणाऱ्यांच्या मागोमाग बंदुकवाले आले, भेकरं संपली, असं तिथली एक म्हातारी सांगत होती. धनेशाची जोडी दोन वर्षांत कोणी पाहिलेली नाही.

आणि कोंडाजी, मी शेकरू जमिनीवर पाहिलं. तू मला शिकवलं होतंस, "त्येचा रस्ता वरनं असतोय, पाय मातीला लावत न्हाई." त्याला एका उरलेल्या जांभळीवरून दुसरीवर जायचं होतं. मध्ये अर्ध्या फर्लांगाचं मोकळं रान. ते उतरलं, दोनदा परत वर चढलं, पुन्हा उतरलं आणि धावायला लागलं. धावता येत नव्हतं त्याला, शेपटीच आडवी येत होती. एका मजुराने उठून काठी घातली. शेपटी कापून पटक्याला लावली, बाकीचं तिथेच टाकलं. मी दहा पावलांवर उभा होतो. काही बोललो नाही.

बोलणार कोणत्या तोंडाने? शेजारी ओंडक्यांची थप्पी होती आणि एकेका ओंडक्याच्या तोंडावर तोड मंजूर असल्याचा जंगल खात्याचा शिक्का होता, हातोडीने ठोकलेला. दिसायला तुझ्या हातोडीचा. तो शिक्का तुझ्या हातोडीचा नव्हता. माझ्या हातोडीचा होता.

आता लिहिलंच आहे, तर पुरतं लिहितो.

चोपन्न साली, पावसाळ्याच्या शेवटी, हातोडीचा दांडा ढिला झाला म्हणून तू माझ्याकडे ठेवून मोशीला गेलास. "सरकारी चीज हाय, कुणाच्या नदरंला पडू देऊ नगंस," एवढं बजावलंस. त्याच दिवशी ज्योतीरामशेठ लॉरी घेऊन आला. त्याने ती भात्याजवळ पाहिली. स्टेशनालगतची जी जागा मी वर्षभर मागत होतो ती त्याच्या हातात होती, हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, "अशीच एक मला करून दे, जागा तुझी." मी संध्याकाळपर्यंत नाही म्हणत होतो. मग मेणावर ठसा घेतला.

लोभ झाला, हे कबूल. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. तुझ्या हातोडीच्या तोंडावर, खालच्या अक्षराजवळ, कडेचा एक टवका उडाला होता. शेठने तो मागितला नव्हता. त्याला नुसता खात्याचा शिक्का हवा होता, कोणाचाही चालला असता. पण मला राहवेना. कानस घेऊन मी तो टवकाही काढला, भिंगाखाली, अगदी तसाच. दोन्ही ठसे शेजारी उठवले तेव्हा माझे मलाच ओळखू येईनात. मला फार आनंद झाला होता, कोंडाजी. कारागिराला होतो तसा.

पुढे चोरीचे ओंडके सापडले आणि चौकशीत त्याच टवक्यावरून तू पकडला गेलास. टवका नसता तर शिक्का कोणत्या हातोडीचा, हे कुणाला सांगता आलं नसतं.

साहेबांनी तुला विचारलं, हातोडी कोणाकडे दिली होती का. तू म्हणालास, एक दिवससुद्धा माझ्यापासून लांब नव्हती. त्या संध्याकाळी माझ्या दारात येऊन मला सांगितलंस, "तुजं नाव म्या घेतलं न्हाई. उगं तुला कशाला पोलिसात वडायचं? तुजी पोरगी बारकी हाय." मी तुला पाणी दिलं. त्या वेळी फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, अल्ला तुझं भलं करो. तुझी नोकरी गेली आणि शेठने मला जागा दिली. वर राखायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी दोन हिवाळ्यांत सगळा डोंगर उतरवला.

रानातून आलो त्या दिवशी कनीजला सांगितलं. ती शिवणयंत्र चालवतच राहिली. मग म्हणाली, "सांगायचं तर तेव्हाच सांगायचं. आता सांगताय ते कुणासाठी?" त्यानंतरही मी महिनाभर गप्पच बसलो. तुझा चहा प्यायलो आणि मग मात्र राहता आलं नाही.

शुक्रवारी खेडला जंगल खात्याच्या कचेरीत जाऊन जबाब दिला. साहेब नवे आहेत. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, "पुरावा काय?" मी म्हणालो, लोखंडाचा तुकडा आणि कानस द्या, इथेच करून दाखवतो. व्हरांड्यात बसून चार तास लागले. जुन्या कागदांतल्या ठशाशेजारी त्यांनी माझा ठसा धरला आणि मग जबाबाचा कागद पुढे ओढला. ज्योतीरामशेठचं नावही लिहून दिलंय. शनिवारी त्याचा माणूस येऊन जागा खाली करायला सांगून गेला. भाता आणि ऐरण आज चाकणला भावाकडे हलवली.

आता कामाचं. हातोडी तू आपण होऊन माझ्याकडे ठेवलीस, हे मी सांगितलेलं नाही. तसं सांगितलं तर तू चौकशीत खोटं बोललास असं होतं आणि पुन्हा अडकतोस. मी लिहून दिलंय की तू माझ्या घरी मुक्कामाला होतास, झोपला होतास, तेव्हा तुझ्या पिशवीतून काढून मी ठसा घेतला. तुला बोलावतील. तू एवढंच म्हण, मला ठाऊक नव्हतं. ते खरंच आहे.

की ठाऊक होतं? फाटकावर तू रानाचं विचारलंस, तेव्हा माझ्या हातांकडे पाहत होतास. ते सांगू नकोस. सांगितलंस तर मला ऐकवणार नाही.

मला केव्हा नेतील, माहीत नाही. वकील वगैरे करायचा नाही, हे कनीजलाही सांगितलंय. ती हसीनाला घेऊन चाकणला राहील. तिच्याकडे येऊ नकोस, तिला तुझ्यासमोर मान वर करता येणार नाही.

साहेब म्हणाले, तुझं प्रकरण पुन्हा उघडेल, खाकी परत मिळायला हरकत नसावी. ती बातमी मीच आधी द्यावी असं वाटलं आणि लिहायला बसलो. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की तुला परत वर पाठवतील तेव्हा तुझ्या स्वाधीन काय करतील, ते मी पाहून आलोय. चौकीचं जोतं, खुंट आणि वारा. नोकरी तुला कोणीतरी देईल. रान कोण देणार? दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्याआधी किंवा वर जाऊन एकट्याने पाहण्याआधी तुला ते माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं.

उत्तराची वाट पाहत नाही.

मन्सूर