मुद्दाम हरलेले डाव

डोंबिवली (पूर्व)
२१ सप्टेंबर

प्रिय ऋजुता,

तू आणून दिलेल्या रबरी मॅट बाथरूममध्ये घातल्या आहेत. चांगल्या आहेत, पाय घसरत नाही. बाबांच्या भुवईवरचे टाके निघाले, जखम भरली. एक बारीक रेघ राहील म्हणाले डॉक्टर. हे सगळं तुला फोनवर सांगून झालंय, तेव्हा पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "वहिनी, कशी आहेस?" विचारतेस आणि माझ्या तोंडून "मजेत गं" निघून जातं. सत्तावीस वर्षांची सवय. कागदावर तेवढ्या पटकन खोटं उतरत नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुझे बाबा दुपारचे झोपलेत. तासभर मिळेल.

आई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. त्या होत्या तोवर बाबांचं बुद्धिबळ घराबाहेर होतं. रोज पाचला ते वाचनालयाच्या ओट्यावर सीतारामकाकांशी खेळायला जायचे, साडेसातला परत. मग सीतारामकाका मुलाने खडवलीला बांधलेल्या घरी राहायला गेले. त्याच वर्षी बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि आपल्या या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणंच संपलं. ते गॅलरीपाशी खुर्चीत बसून दोन्ही बाजूंनी एकटेच खेळायचे. सुश्रुतने चार दिवस सोबत केली, पण ऐरोलीच्या ऑफिसातून साडेआठला घरी आलेल्या माणसाचे डोळे तिसऱ्या खेळीला मिटायला लागतात. आमच्या अद्वयने त्यांना मोबाइलवर खेळायला शिकवून पाहिलं, तर नातवाला म्हणाले, "समोर माणूसच नाही, मग हरवायचं कुणाला?" एकदा मी चहा ठेवायला गेले, तर पटावरची नजर न काढता म्हणाले, "बस. घोडा अडीच घरं चालतो, एवढं तरी माहीत आहे ना?"

मी बसले.

आणि खरं सांगू, मला आवडलं. पन्नाशीला आलेल्या बाईला नवं काही शिकता येतं, हेच मला नवीन होतं. कणीक मळताना डोळ्यांपुढे उंटाचे तिरके रस्ते दिसायचे. शाळेच्या ग्रंथालयात, माझ्याच कपाटात, बुद्धिबळाची दोन जुनी पुस्तकं होती. इतकी वर्षं मी ती नुसती पुसून ठेवत होते. ती घरी आणून गुपचूप वाचली. बाबा शिकवायला कडक, तुला मी काय सांगणार! चूक झाली की प्यादं पटावर आपटायचे. पण एखादी चांगली खेळी केली की काही न बोलता चष्मा काढून पुसायचे, आणि त्या चष्मा पुसण्याची मी आठ-आठ दिवस वाट बघायचे. ही आता काय करील, म्हणून या घरात मला याआधी कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं गं.

दोन वर्षांपूर्वी मी शाळा सोडली. सगळ्यांनी मिळून ठरवलं असं आपण म्हणतो, पण ठरवताना तू स्पीकरवर होतीस, सुश्रुत हॉलमध्ये होता आणि मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. तेव्हापासून सकाळी सहाला बाबांचं तोंड धुण्यापासून दिवस सुरू होतो. अंग पुसणं, गोळ्या, मऊ भात, पायाला तेल, कपडे, रात्री दोनदा उठणं. आणि संध्याकाळी पाचला पट. एक डाव नाही, तीन. माझ्या अंगात ताप असला तरी तीन. माझी आई गेली तेव्हा मी तेरा दिवसांसाठी चिपळूणला गेलेले. पाचव्या दिवशी सुश्रुतचा फोन, "बाबा जेवत नाहीयेत." मी परत आले. आल्या आल्या बाबांनी पट मांडायला घेतला. आईचं विचारलं नाही. त्यांना विचारता येत नसेल, असं मी मनाला समजावलं. तोवर आवडीच्या खेळाची ड्यूटी कधी झाली, मला कळलंही नव्हतं.

गेल्या वर्षी श्रावणात मी त्यांना पहिल्यांदा हरवलं. त्यांची नजर चुकली म्हणून नाही. हत्तीचा बळी देऊन चार खेळ्यांत मात केली. इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. बाबांनी खुर्ची गॅलरीकडे वळवली. रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. गोळ्या जिभेखाली धरून नंतर तुळशीच्या कुंडीत टाकल्या, त्या मला सकाळी पाणी घालताना सापडल्या. साखर चढली. सुश्रुत म्हणाला, "अगं, हरलीस तर काय बिघडतं? म्हातारा माणूस आहे." माझं काहीच बिघडत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून मी हरायला लागले.

मुद्दाम हरणं फार कठीण असतं, ऋजुता. जिंकण्यापेक्षा कठीण. आधी वीस-पंचवीस खेळ्या नीट खेळाव्या लागतात, नाहीतर संशय येतो. मग एखादा घोडा असा उघडा ठेवायचा की तो विसरून राहिल्यासारखा दिसावा. त्यांनी तो मारला की "अरे देवा!" म्हणायचं. मी ते रोज तीनदा म्हणत होते. बाबा जिंकले की पोटभर जेवायचे, सुश्रुत खूश, तुझ्या फोनवर "बाबांचा आवाज किती छान येतोय!" वर्षभर असं चाललं.

ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. टँकरच्या बादल्या मी खालून तीन मजले चढवल्या होत्या आणि पाठ धरली होती. पाचला पट मांडला. तिसऱ्या डावात माझ्यात नाटक करायचंही बळ उरलं नाही. मी वजीर त्यांच्या उंटापुढे ठेवून दिला, घ्या एकदाचा म्हणून. त्यांनी घेतला आणि म्हणाले, "पुस्तकांवर शिक्के मारण्यापलीकडे तुझं डोकं कधी गेलंच नाही." मी पटावरून हात फिरवला. सोंगट्या गॅलरीत, कॉटखाली, सगळीकडे. ते म्हणाले, "उचल." मी म्हणाले, "नाही उचलणार." आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला तो ऐकू आला होता. वॉकर त्यांच्या हाताशी नाही, हेही मला माहीत होतं. तरी मी लगेच गेले नाही. मोजून सांगायचं तर एका श्वासाएवढाच वेळ, पण गेले नाही. ते स्वतः वाकून सोंगट्या गोळा करत होते. कपाळ गॅलरीच्या उंबऱ्यावर आपटलं.

ऋजुता, बाबा बाथरूममध्ये पडले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडलात, आजोबा?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "बाथरूममध्ये घसरलो. सुनेने लगेच उचललं." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुश्रुतलाही तेच सांगितलं, तुलाही तेच. तू मॅट घेऊन आलीस, "वहिनी, तिथे ओलं राहू देऊ नकोस गं," म्हणालीस. मी "हो" म्हणाले. तुझा राग आला नाही. माझाच आला, आणि त्यांचाही आला, कारण त्या खोट्याने त्यांनी मला वाचवलं आणि गप्पही बसवलं.

मग वही सापडली. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी घेतलं होतं, ते डॉक्टरांना हवं होतं. असल्या तारखा बाबा त्यांच्या डावांच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. त्यांचं ते कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखं ठसठशीत अक्षर. पानं उलटताना मला लाल शाई दिसली. गेल्या श्रावणापासून प्रत्येक डावाखाली लाल पेनाने लिहिलेलं, "सुमती मुद्दाम." आणि पुढे मी कितव्या खेळीला हरायचं ठरवलं, तो आकडा. एकही डाव सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वही त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "बाबा, तुम्हाला कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बोललो असतो तर तू खेळायचं थांबली असतीस. मग रोज पाच वाजता मी काय केलं असतं?" मी त्या शिक्क्यांच्या बोलण्याचं विचारलं. तर म्हणाले, "त्या दिवशी तू नीट हरलीसुद्धा नाहीस. वजीर नुसता टाकून दिलास. मला वाटलं, संपलं, आता हिला माझा कंटाळा आला." मी म्हणाले, "कंटाळा नाही आला, बाबा. मी दमलेय." सत्तावीस वर्षांत हा शब्द मी या घरात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. आणि रडलेही नाही, तेवढंही त्राण नव्हतं.

तेव्हापासून बुद्धिबळ बंद आहे. दोघांनीही विषय काढला नाही. एका संध्याकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने एकात एक तीन चौकोन आखले आणि माझ्याकडे चिंचोके मागितले. नवकंकरी. त्यांच्या आईने शिकवलेली. तीन चिंचोके एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा, एवढंच. त्यात ते सरळ चोरी करतात, पकडले की हसतात, आणि हरले तरी जेवतात. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण तुला उपयोगी पडेल.

परवा खेळता खेळता मध्येच म्हणाले, "ऋजुताच्या माजिवड्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना?" मी म्हटलं, आहे, खाली बागही आहे. हातातला चिंचोका फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती घेईल का मला?" एवढ्या लहान आवाजात मी त्यांना कधी काही विचारताना ऐकलं नव्हतं. आणि मग आपणहून ते तुझ्या नववीतलं सांगायला लागले. माझ्या लग्नानंतर पहिल्या वर्षी गच्चीवर पापड वाळत घालताना तू मला ते सांगितलं होतंस. ठाण्याची ती शाळांची स्पर्धा, जिंकत आलेला डाव तू घालवलास, घरी आल्यावर त्यांनी तुझा पट माळ्यावर टाकला आणि तुझं डोकं या खेळाचं नाही म्हणाले. तू हसत सांगितलंस म्हणून मीही हसले होते. बाबांनी सांगितलं ते एवढंच: "स्टेशनपर्यंत मी पुढे चालत राहिलो. पोरीच्या हातात पिशवी होती. मी मागे वळून पाहिलं नाही."  

त्यांना माफ कर, असं मी तुला सांगत नाही. ते तुमचं दोघांचं. तू का येत नाहीस, आलीस की अर्ध्या तासात का निघतेस, ते मला कधीच कळलं आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षं मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतेय. दसरा झाला की बाबांना तीन महिने तुझ्याकडे ने. आणि हे एकदाच नाही, दर वर्षी. सुश्रुतला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो "बघू या" म्हणेल. तू हो म्हणालीस तर मी बाबांचं सामान भरीन, कुठली गोळी कधी ते लिहून देईन. नाही म्हणालीस तर तेही ऐकून घेईन, त्यांना काय सांगायचं ते माझं मी पाहीन. फक्त तू "बघते वहिनी" म्हणू नकोस. वाट बघणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझीच,
सुमतीवहिनी