आधी ताट, मग नाव

अण्णा, तुमच्या खोलीत आता पर्यटक झोपतात. पुस्तकं तशीच आहेत. परवा एका फ्रेंच बाईने तुमच्या व्याकरणाच्या पोथीसोबत फोटो काढून घेतला. एवढ्या आदराने तुमच्या एकाही विद्यार्थ्याने ती हातात धरलेली मला आठवत नाही. आईला एकटीला सोडता येईना म्हणून मी कॉलेजातली नोकरी सोडली, आणि मानसरोवर कॉलनीतल्या या घराच्या वरच्या दोन खोल्यांवर आमचं दोघींचं चालतं. मात्र आता नोंदणी नसेल तर खोल्या बंद करा, असं पर्यटन खात्याचं म्हणणं आहे. धाकटा म्हणतो, घर विक आणि पुण्याला या. गेल्या दिवाळीत तिला नेलं होतं. त्याच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर भिंती चाचपत स्वयंपाकघर शोधत होती. मी कोण हे तिला आता आठवत नाही, पण इथला डाळीचा डबा डोळे मिटून सापडतो. घर गेलं तर ती कुठे सापडेल, मला कळत नाही.

आणि आड काय येतंय, तर तुमचा नियम. मी शाळेत होते, मे महिना होता, गरम लू वाहत होती. दार अर्धं उघडून मी एका माणसाला विचारते आहे, "आप कौन?" आणि मागून तुमचा आवाज येतो, "पाणी दिलंस का आधी? दारी आलेल्याला जेवण्याआधी नाव-गाव विचारू नये, शास्त्र आहे." तो माणूस आमटी-भात जेवला, ताक प्याला, मग उठून आपली वीज तोडून गेला. बिल भरायचं तुम्ही विसरला होतात. अंधारात बसून तुम्ही म्हणालात, "कर्तव्यदक्ष गृहस्थ." आई पदर तोंडाला लावून हसत होती.

ती बाकी सगळं विसरली, पण तुमचा हा नियम नाही. गेल्या महिन्यात पर्यटन खात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा नुकताच आलेला एक पाहुणा आमच्या टेबलाशी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी खात होता. पाहुणा दारातून आत येण्याआधी त्याचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टरात नोंद करायची, असा नियम. मी रजिस्टर आणायला वळले, तेवढ्यात आईने त्याला हात धरून बसवलं होतं.

"मैडम, रजिस्टर में तो एंट्री ही नहीं है. ये भाईसाहब कौन हैं?"

"खाना हो जाए, फिर पूछती हूँ," मी म्हणाले. खरं म्हणजे मीही तुमचीच मुलगी.

"मतलब आपको पता ही नहीं, घर में कौन बैठा है?"

आईने त्यांच्यापुढेही ताट ठेवलं. "बसा भैया. जेवत्या माणसाला असं विचारत नाहीत." साहेब भले होते. "माताजी, ड्यूटी पर हूँ," म्हणाले, उभ्याउभ्या ताक प्याले, आणि शेरा लिहून गेले. ताक पिऊन काम पुरं करणाऱ्यांची या घराला परंपराच आहे. एक शेवटची संधी मिळाली आहे. पुन्हा असं आढळलं की नोंदणीचा अर्ज निकालात.

म्हणून तेव्हापासून मी दारात उभी राहते. उन्हात माणूस घाम पुसत खिसे चाचपतो आणि मी हात पुढे करून म्हणते, "पहले कार्ड दिखाइए." आई मागे पाण्याचा तांब्या घेऊन थांबलेली असते. बघत असते. मला वाटायचं, तिला त्यातलं काही कळत नाही.

काल दुपारी मी जेवायला बसले. तिने ताट हातातच धरून ठेवलं आणि म्हणाली, "आधी कार्ड दाखवा."

मी उठून पर्समधून आणलं. तिने फोटो पाहिला, मला पाहिलं, काही जुळेना. मग बोट सरकवत ती वडिलांच्या रकान्यातल्या तुमच्या नावापर्यंत आली. जन्मात कधी उच्चारलं नाही, ते कालही उच्चारलं नाही. बोट तिथेच ठेवून म्हणाली, "यांच्या घरच्या होय तुम्ही? मग आधी नाही का सांगायचं. बसा."

साहेब पुन्हा येतील, खोल्या राहतील की जातील, मला माहीत नाही. पत्र तुमच्या पोथीत ठेवते. तिथे ते सरकारला सापडणार नाही आणि तुम्हालाही. एवढं मात्र सांगते, अण्णा: आज जेवायला बसताना तिने विचारायच्या आधीच मी कार्ड ताटाच्या जागी ठेवलं होतं.