भूपेंद्रच्या वेबसाइटची चौकशी

३ फेब्रुवारी, सोमवार

रूपालीला स्थळ आलं. धुळ्याचं. पसंतीसुद्धा झाली! आणि हे मला कोणी सांगावं? खुद्द तोताराम नानांनी, तिच्या वडिलांनी! मी ज्या ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरायला बसतो, तिथे सातबाऱ्याची प्रिंट घ्यायला आले होते.

मुलगा भूपेंद्र. देवपुरात घर, साक्री रोडला केळी-पपईच्या रोपांची नर्सरी. नानांनी खिशातून त्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"येवर वेबसाइट शे त्यास्नी. बठ्ठं खरं शे का, देख बरं. पहिले सोयरा पारवर बसीसन चौकशी करे. आते कोन जास? तूच देख. घरना पोऱ्या शे तू."

घरचा पोरगा! वीस वर्षं तिच्या घरासमोर राहिल्याचं हे बक्षीस.

साइटवरचं सगळं खरं आहे का, ते मी बघायचं. "बघतो," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

४ फेब्रुवारी

साइट पाहिली. आधी हसू आलं, मग डोकं तापलं.

"खान्देशातील क्रमांक एकची नर्सरी." क्रमांक कोणी दिला? कुठेच नाही. "पंचवीस वर्षांचा विश्वास." साहेबांचं वय सत्तावीस! खालीच परवान्याचा फोटो लावलाय, त्यावर साल २०१९. म्हणजे यांचंच पान यांना खोटं पाडतंय, आणि कोणी वाचून पाहिलेलं नाही. "स्वतःची अत्याधुनिक प्रयोगशाळा" — फोटोत पांढऱ्या कोटातल्या बाया, मागच्या कपाटावर चिनी अक्षरं. साक्री रोडला! तोच फोटो शोधला तर आणखी नऊ कंपन्यांच्या साइटवर निघाला. "दहा हजार समाधानी शेतकरी." दिसतात चार. त्यातले तिघं एकच वाक्य बोलतात, स्वल्पविरामासकट. चौथ्याचं तेवढं नावगाव आहे — निंबा, जामनेर.

आणि "शंभर टक्के रोगमुक्त रोपे." असं देवसुद्धा लिहून देणार नाही.

वहीत दोन रकाने पाडले. दावा आणि पुरावा. दुसरा जवळजवळ कोराच राहिला. कॉलेजात दोन वर्षांत एकाही प्रॅक्टिकलला एवढं मन लागलं नव्हतं. लागलं असतं तर त्या दिवशी सरांच्या अंगावर फाइल फेकून निघून आलो नसतो.

५ फेब्रुवारी

रूपाली सेंटरवरून गेली. आत पाहिलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जामनेरला जाऊन आलो. वाटलं, निंबा नावाचा माणूसच नसेल. मग तर विषयच संपला!

पण आहे. खतांच्या तिसऱ्या दुकानात पत्ता लागला. केळीच्या बागेत बांधावर बसून भाकर खात होते. मी मोबाइलवर त्यांचा अभिप्राय वाचून दाखवला.

"हे मी बोललो? 'अविस्मरणीय उत्पादन'? एवढं शुद्ध मले येतं का भो!" घास हातात घेऊन हसत बसले.

"मग रोपं कशी निघाली निंबाभाऊ?"

"दोनशे खराब निघाली."

मी उडालोच! शंभर टक्के रोगमुक्त! वही काढून लिहायला लागलो.

"आरे, पुढचं तर लिव्ह," ते म्हणाले. "मी फोन केला, तर तो पोऱ्या दुसऱ्या दिवशी सोताच टेम्पो घिऊन आला. खराब सारी उपटली, नवी लावून देली. पावती बी नाही मागितली. मंग तीन खेपा येऊन पाहून गेला. असा मानूस धंद्यात टिकनार नाही, पाह्य तू!"

मी वही मिटली. त्यांनी अर्धी भाकर पुढे केली. घेतली. आता वाटतं, घ्यायला नको होती.

८ फेब्रुवारी

साइट खोटी. माणूस खरा. आता काय करायचं याचं?

पण नानांनी साइटचंच विचारलंय. साइटवर टेम्पोचं लिहिलेलं नाही! ज्याचा दावाच त्याने केला नाही, त्याचा पुरावा मी का द्यावा?

हे लिहून तीनदा वाचलं. तिन्ही वेळा पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

नानांकडे वही घेऊन गेलो. एकेक दावा वाचला. चिनी कपाटाला ते हसले. पंचवीस वर्षांना म्हणाले, "इतलं त लिखतसच लोके." मला वाटलं, गेलं हातातून.

मग मी म्हणालो, "जामनेरला एका शेतकऱ्याची दोनशे रोपं खराब निघाली. मी स्वतः भेटून आलो."

नानांचं हसू गेलं. "शेतकरीनी रोपं मारनारा. लबाडना घर पोर देवानी नही."

एकही शब्द खोटा बोललो नाही मी. एकही नाही!

११ फेब्रुवारी

मोडलं. नानांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला, पत्रिकेतले गुण जुळत नाहीत म्हणून. चौकशीत काही निघालं तरी आमच्याकडे तोंडावर सांगत नाहीत, पत्रिकेवर ढकलतात. म्हणजे भूपेंद्रला कधी कळणारच नाही. उत्तर द्यायलाही कोणी बोलावणार नाही त्याला.

मी जिंकलो. पेढा आणला. आईला म्हणालो, सहजच. मला गेला नाही.

१४ फेब्रुवारी

रूपाली सेंटरवर आली! एकटी. मी उभाच राहिलो.

"साइटचं नानांना तू सांगितलंस ना?"

"हो. सगळी खोटी आहे ती."

"माहीत आहे. त्यानेच सांगितलं मला, पाहायला आला तेव्हा. काकांनी कोणाकडून तरी बनवून घेतली, म्हणाला, उघडायची पण लाज वाटते." मग थांबली. "नाना साइटवर नाही अडले, योगी. त्या दोनशे रोपांवर अडलेत. खरंच मेली का रे?"

मी प्रिंटरमध्ये कागद घालत राहिलो. भरलेला होता तो.

"त्याने मला विचारलं, एम.एस्सी. करायची का? धुळ्यातच होईल म्हणाला. मला कधी कोणी विचारलंच नव्हतं."

मीही नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. मी फक्त तिच्याकडे बघत बसलो, आणि त्यालाच प्रेम म्हणत आलो.

ती गेल्यावर माउस भिंतीवर आपटला. मालक म्हणाला, याचे पैसे कापीन. काप बाबा.

१६ फेब्रुवारी

दुसरं स्थळ बघतायत म्हणे. मी त्यात कुठेच नाही. कधी नव्हतोच.

सांगितलं तर ती जाते. नाही सांगितलं तरी ती माझी होत नाही. मग मी नक्की काय राखून बसलोय?

१७ फेब्रुवारी, सोमवार

नानांना सांगितलं. टेम्पो, नवी रोपं, तीन खेपा, सगळं. "मंग आधी काबरं नही सांगं?" तेही सांगितलं. त्यांनी बोट दाराकडे केलं आणि धुळ्याला फोन लावला. रूपाली आतल्या दारात उभी होती. सगळं ऐकलं तिने. ती फोनकडेच बघत होती.