दारातून परत गेलेली बाई

धारूर, ५ जानेवारी

चि. शहादेव यास आश्रुबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पालीला सगळे खुशाल असाल. नवी कवळी बसली का? बसली नसेल तर निदान फोटोपुरती तरी लाव.

गळ्यात नळी बसवल्यापासून माझा आवाज बंद आहे. चाळीस वर्षं दुकानात मी गिऱ्हाइकाची पाण्याची मोटार नुसती ऐकून सांगितली, बेअरिंग गेलं का वायंडिंग जळालं. आता बोलता येत नाही, तर घरच्यांना वाटतं ऐकूही येत नाही. मी जागा असलो की युवराज अन् सून कुजबुजतात. तुझी वहिनी जानकी परवा भाजी चिरताना रडत होती. ताटात कांदा नव्हता, गवार होती.

मोबाईलवर लिहिलं की युवराज आधी वाचतो, म्हणून हा कागद हनुमान जीपवाल्याच्या हाती देतोय. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला अन् युवराजला आत घेतलं, मला बाकड्यावर बसवलं. आत काय सांगितलं? ऊसतोडीला पाचटाच्या एका कोपीत झोपायचो तेव्हापासून तू मला खोटं बोललेला नाहीस. त्या हिशेबानं विचारतोय.

पोरांना पापा. उत्तराची वाट पाहणारा,
तुझा दादा आश्रुबा

पाली, ११ जानेवारी

ती. दादांच्या चरणी शहादेवचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. कवळी बसली, पण भाकरी अजून तिला ओळखत नाही.

दादा, तुम्ही उगं मनात काही आणू नका. साधी गाठ होती, ती मशीनचा शेक देऊन काढली. कळ आहे ती आतल्या जखमेची. चार-सहा महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले. आईची शपथ घेऊन सांगतो. वहिनी रडतात त्या तुमचे हाल बघून.

उन्हाळ्यात धरणावर मासे खायला या. लोभ आहे तसाच असू द्यावा.
आपला, शहादेव

धारूर, १४ मार्च

शहादेव,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

आईची शपथ होती म्हणून मी दोन महिने जखम भरायची वाट पाहिली. कानापासून खांद्यापर्यंत कोणी तापलेली तार ओढावी तशी कळ. दुकानात रोहिणीला काम शिकवायला घेतलं होतं. नातीचा कान माझ्यासारखा आहे. पण कळ उठली की मला मोटारच ऐकू येईना. पोरगी समोर पकड घेऊन उभी, अन् मी भिंत धरून. शेवटी दुकानात जाणंच सोडलं.

सोमवारी दारात स्कूटी थांबली. पट्टा झिजलेला, तिसऱ्यांदा ऐकत होतो. आधीच्या दोन्ही वेळी युवराजनं बाईला गल्लीतूनच परत लावलं होतं. मला वाटलं बचतगटाची असेल. या खेपेला ती पायरीपर्यंत आली. युवराज दबक्या आवाजात म्हणाला, “बाई, कॅन्सरचं नाव काढू नका. त्यांना माहीत न्हाई. काकानं शपथ घातलीय.”

बाई म्हणाली, “माहीत नसलं तरी दुखतं तर हायच ना? औषध माझ्या पिशवीत हाय.”

हाक मारता येईना. खाटेखालचा पाना काढला अन् लोखंडी खाटेवर बडवत राहिलो, ती आत येईपर्यंत.

सरस्वतीबाई नाव. तालुक्याच्या दवाखान्यातून घरोघर येणारी नर्स. बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं कमी करायचं, हेच तिचं काम. तिनं आधी मला विचारलं, किती जाणून घ्यायचंय? मी पाटीवर लिहिलं, सगळं. तिनं खुर्ची ओढली अन् सगळं सांगितलं. तीन-चार महिने, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन आली. कळ मारणारं मॉर्फिन सुरू झालं. त्या रात्री मी झोपलो.

मरणाचं मला आधीच वाटत होतं. ते औषध दोन महिने माझ्या दारात येऊन परत जात होतं, अन् ते तुझ्या शब्दावरून. युवराज पोर आहे, भ्याला. तुला मी नीट विचारलं होतं.

आश्रुबा

पाली, १९ मार्च

ती. दादा,

नमस्कार लिहितो, घ्यायचा का नाही ते तुम्ही ठरवा.

आई आजारी होती तेव्हा तिला मीच खरं सांगितलं होतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं, अन्न सोडलं, नवव्या दिवशी गेली. मी सांगितलं म्हणून गेली, हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. तुमच्या बाबतीत पुन्हा तेच होऊ नये म्हणून युवराजकडून शब्द घेतला. त्या बाईला परत लावतात हे मला फोनवर कळलं होतं. मी युवराजला म्हणालो, लाव परत.

संभाजीनगरला ओळखीनं मोठ्या दवाखान्यात खाट धरलीय. गाडी घेऊन येतो. अजून करता येईल ते करू. नाही म्हणू नका.

शहादेव

धारूर, २६ मार्च

चि. शहादेव यास आशीर्वाद.

खाट सोडून दे, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. मी डॉक्टरांना विचारलं. तिथं नेऊन आयुष्य वाढणार नाही, फक्त नळ्या वाढतील. मी घरीच राहणार. हे माझं मी ठरवलंय, युवराजला सहीनिशी लिहून दिलंय.

आईचं तुला सांगतो. तिच्या अंथरुणाशेजारी मी झोपायचो. तू तिला सांगायच्या कितीतरी आधीपासून ती रात्रभर दात खायची. मी ऐकायचो. आपण तिला हळदीचं दूध देत होतो. तिला कळलं म्हणून तिनं अन्न सोडलं नाही रे, दुखत होतं म्हणून सोडलं. तेव्हा अशी पिशवी घेऊन कोणी आपल्या दारात आलं नव्हतं. माझ्या दारात आलं, ते तू परत लावलंस.

आता सकाळी दोन तास दुकानात खुर्ची टाकून बसतो. रोहिणी मोटार लावते, कान देते, काय झालं ते मला सांगते. काल पाचपैकी चार बरोबर. सरस्वतीबाई आठवड्यातून दोनदा येते, जानकीला गळ्यातली नळी धुवायला शिकवलंय. जानकी आता माझ्यासमोर रडते, त्यामुळं घर हलकं झालंय.

तू ये. आलास की दारात युवराजला विचारू नकोस दादा कसे आहेत. आत येऊन मला विचार, मी पाटीवर लिहीन.

या पत्रात तुला माफ केलं असं लिहायला बसलो होतो. पण आपल्या घरात खोटं पुरेसं झालंय. अजून केलेलं नाही. तरी लवकर ये.

तुझा दादा,
आश्रुबा