उदाहरण क्रमांक चौदा हिच्या नावे

मी, शर्मिष्ठा शालिग्राम देवपुजारी, वय बहात्तर, राहणार तात्यापारा, रायपूर, समाजशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. चिरंजीव गंधार यांचे मत वेगळे पडण्याचा संभव असल्यामुळे तो दाखला सोबत टाचला आहे. माझे वकील उदय हे माझेच जुने विद्यार्थी. कागद हिंदीत करू, असे त्यांनी सुचवले. परंतु यात मला बरेच रागवायचे आहे आणि ते मला मराठीतच नीट जमते. हिंदी तर्जुमा ते जोडतील.

यापूर्वी, सन २०१६ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझ्या एका माणसाला विसरले होते.

कलम १. माझे पती कै. शालिग्राम रेल्वेत होते. लग्न ही एक सामाजिक संस्था आहे, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी समजावून सांगितले. ते म्हणाले, "मले काय शिकवून राहिली? मी त्या संस्थेत परमनंट आहे." धर्म समाजाला बांधून ठेवतो, असे मी वर्गात सांगत असे. घरी मात्र त्यांच्या देवांनी माझ्या पुस्तकांच्या कपाटाचा वरचा खण अडवला म्हणून आम्ही तीस वर्षे भांडलो. ते गेल्यावर खण माझा झाला, पण रिकामा करायला हात धजला नाही. रोजचा दिवा मीच लावते. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. ते सगळे देव सून ममता हिला द्यावेत. दिवा लावण्याची सक्ती नाही.

कलम २. सोन्याच्या पाटल्याही ममतालाच. आंतरजातीय विवाहाचे स्वागत करणारा माझा लेख छापून आला, त्याच महिन्यात गंधारने तिला घरी आणले आणि मी दोन दिवस जेवले नाही. पाटल्या म्हणजे त्या दोन दिवसांची माफी आहे. तोंडाने मागायला मला लाज वाटली.

त्या वेळी मला जेवायला बसवले ते माझ्या भोजलीने. "किताब मा त लिखे हस, भोजली, फेर भात काबर नइ खावत हस?" पुस्तकात लिहिलेस, मग भात का खात नाहीस, असे तिने विचारले. मी भात खाल्ला.

कलम ३. ही भोजली कोण, हे कोर्टाला कळावे म्हणून लिहिते. सन १९८४ मध्ये नातेसंबंधांवरच्या प्रबंधासाठी मी आरंगजवळच्या एका गावी गेले होते. टोपलीत गव्हाचे कोंब वाढवून राखीच्या दुसऱ्या दिवशी ते तळ्यात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात, त्याला भोजली म्हणतात. त्यातले कोंब दोघींनी एकमेकींच्या कानावर खोवले की जन्माचे नाते जुळते. पुढे एकमेकींचे नाव घ्यायचे नाही, 'भोजली'च म्हणायचे. तळ्याकाठी माझ्याच वयाच्या एका बाईने माझ्या कानावर कोंब खोवले, मीही तिच्या कानावर खोवले आणि वहीत टिपून घेतले : उदाहरण क्रमांक चौदा. मी निरीक्षण करत होते आणि ती मला बहीण करून घेत होती. मला पदवी मिळाली.

दिवाळीनंतर ती नव्या तांदळाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "सीताराम भोजली!" सासूबाईंनी तिची जात विचारली आणि चहा कान तुटलेल्या, निळ्या फुलांच्या कपात दिला. तो कप खिडकीत वेगळा राहू लागला. मी अकरा वाजता जातिव्यवस्थेचा तास घेत असे आणि ती आली की त्याच कपात चहा ओतत असे. सासूबाई असेतो अकरा वर्षे मी हे केले. तिला सर्व कळत होते, तरी दर वर्षी तांदूळ आला. याची मला आजही शरम वाटते.

शालिग्राम गेले तेव्हा गंधारला चार दिवसांची रजा मिळाली. भोजली दहावा होईपर्यंत हलली नाही. सहा वर्षांपूर्वी ती एकटी पडली तेव्हा मी तिला घरी आणले. ती माझ्याकडे कामाला नाही. भाजी मी चिरते, ती नावे ठेवते.

कलम ४. तो कप माझे धाकटे दीर नत्थूभाऊजी यांना द्यावा. मागच्या दिवाळीला त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "वहिनी, या बाईचा कप वेगळा आहे ना?" यापुढे त्यांनी त्यातूनच चहा प्यावा, म्हणजे वेगळेपण घरातच राहील.

कलम ५. तात्यापाऱ्यातले घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. गंधारने त्याला गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे. "आई, आंटी को गाँव भेज देंगे न, वहाँ उनके अपने लोग हैं," असे तो फोनवर म्हणाला. कुटुंब कोणास म्हणावे, हा प्रश्न मी अठ्ठावीस वर्षे दहा गुणांना विचारला. चिरंजीवांना शून्य. मला किती मिळाले असते, हेही मी जाणून आहे.

म्हणून भोजली हयात असेपर्यंत या घरात राहील. तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि तिला आंटी म्हणू नये. आईच्या भोजलीला 'फूलदाई' म्हणतात. तिच्या पश्चात घर गंधारचे. तो वाईट नाही, त्याला मी नीट शिकवले नाही.

कलम ६. माझ्या दहाव्याला पहिले पान भोजलीचे.

कलम ७. माझा प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयास द्यावा. त्यातले पान ११२ मी शाईने खोडले आहे. समासात लिहिले आहे : हे उदाहरण नव्हे. ही माझी बहीण.

कलम ८. 'भोजली' हे कायद्याला नाव म्हणून चालत नाही, असे उदय म्हणतात. एक्केचाळीस वर्षांत मी तिचे नाव घेतलेले नाही, आता कागदावरही घेणार नाही. ती जागा कोरी ठेवली आहे. ती त्यांनी भरावी.

सही : शर्मिष्ठा शा. देवपुजारी

वकिलांची नोंद : वरील कागदात भोजली म्हणजे श्रीमती कलावती बाई, हल्ली मुक्काम तात्यापारा. त्यांना साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त मोला झन दे." मला देऊच नका, पण सही करू द्या. समजूत घालावी लागली. मी त्यांचे नाव लिहीत असताना मॅडम पाठ फिरवून खिडकीशी उभ्या होत्या. "झालं का लिहून?" असे त्यांनी दोनदा विचारले. त्यांच्या कानावर आज सकाळचे कोंब होते.

साक्षीदार : १. चित्रा, शेजारी. २. शंकर, औषधविक्रेते.
स्थळ : रायपूर. दिनांक : १० ऑगस्ट २०२५, राखीचा दुसरा दिवस.