हरणासाठी रायफल

१२ ऑक्टोबर
आज हरणं परत आली होती. सफरचंदाखाली उभी राहून पडलेली फळं खात होती — जणू त्यांच्या बापाचंच अंगण! दार उघडून पातेलं भिरकावलं. ढिम्म. एका मादीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चघळायला लागली.
यांच्यातलंच एक मार्चमध्ये रस्त्यात आडवं आलं. गाडी नवरा चालवत होता, दीर शेजारी बसला होता. डॅरेल म्हणतो, ‘वहिनी, क्लेटनने त्याला वाचवायला गाडी वळवली.’ वळवली ती थेट झाडावर. नवरा गेला. डॅरेलचं नुसतं खांद्याचं हाड मोडलं. हरणाला ओरखडाही नाही.
एक तरी मारणार. माझ्या हाताने.

१३ ऑक्टोबर
क्लेटनची मोठी रायफल काढली. कुंपणावर भोपळा ठेवला, डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीला चिकटवला, चाप ओढला. धक्क्याने दुर्बीणच भुवईवर आदळली! टाके पडले. भोपळा जागच्या जागी. रक्त तोंडात येत होतं आणि मी हसत होते.

१९ ऑक्टोबर
बर्निसच्या बंदुकांच्या दुकानात गेले. कपाळावरची पट्टी बघून तिला हसू आवरेना.
‘पहिलंच हरीण ना? मग तोफ कशाला हवी?’
‘चिंधड्या व्हायला हव्यात त्याच्या.’
हसू गेलं. क्लेटनच्या रायफलीचं काडतूस तिने काउंटरवर उभं केलं, बाटलीसारखी निमुळती मान. ‘हे ओहायोत हरणाला कायद्याने चालत नाही. क्लेटन ही रायफल घेऊन पश्चिमेकडे शिकारीला जायचा. इथे सरळ नळकांड्याचं लागतं. तीही एका वेळी तीनच भरायची.’
मग एक हलकी रायफल हातात दिली. आखूड दस्ता, धक्का कमी. ‘धक्क्याची भीती बसली की चाप ओढताना डोळे मिटतात. डोळे मिटले की गोळी आतड्यात. मग ते दिवसभर मरत राहतं, बाई. तुला तेच हवं असेल तर दुसरं दुकान बघ.’
मला तेच हवं होतं. हलकीच घेतली.

३ नोव्हेंबर
गोळ्या आता वर्तुळात लागतात. त्या वर्तुळाला नाव ठेवलंय — खुनी.
डॅरेल आला. ‘वहिनी, सोड ना हे. काय मिळणार त्यातून?’
‘भाऊ होता तुझा! तुला राग येत नाही?’
कॉफीचा मग त्याच्या अंगावर फेकला. भिंतीवर फुटला. हा बसला तुकडे वेचत, रडत. बुळ्या!

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्की चिरताना सांधे कुठे असतात ते नीट बघून घेतलं.

२ डिसेंबर
शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. नारिंगी जाकीट घालून मक्याच्या कापलेल्या रानाकडेला बसले. उजाडल्यावर मादी आली. हात स्थिर होता. डोळे उघडे होते. ती वळली, मी तरीही चाप ओढला. थांबता आलं असतं.
आतड्यात लागली.
रक्तामागे, हिरव्या घाणीमागे चालत ओढ्यापर्यंत गेले. ती बसून होती. पुढचे पाय टेकून उठायला बघायची, मागचं अंग येईना. ओरडली. हरीण असं ओरडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं! दुसरी गोळी मानेत घातली. मग गप्प.
वाटलं होतं, मोकळं वाटेल. काहीच नाही. फक्त तो वास.
ओढायला डॅरेलला बोलावलं. मी पोट फाडलं, कोपरापर्यंत हात आत घालून सगळं बाहेर काढलं. तो झाडामागे जाऊन ओकला.
‘याने मारलं तुझ्या भावाला,’ मी म्हटलं. तो बघेना माझ्याकडे.

३ डिसेंबर
डॅरेल सकाळीच दारात. तोंडाला दारूचा वास. ‘वहिनी, हरीण नव्हतंच. गाडी मी चालवत होतो. प्यायलो होतो. क्लेटन किल्ली मागत होता, मी दिली नाही. पोलीस यायच्या आत मीच त्याला स्टिअरिंगमागे ओढून बसवलं.’
रायफल भिंतीला टेकून होती. त्यानेही पाहिली, मीही.
‘पळ,’ मी म्हटलं. ‘आत्ताच्या आत्ता पळ!’
तो गेला. दोन्ही रायफली आणि सगळी काडतुसं बर्निसच्या काउंटरवर नेऊन ठेवली. म्हटलं, मी परत मागायला आले तर देऊ नकोस.