मिटलेली मूठ

गुरुवार, १४ ऑगस्ट. संध्याकाळ

सुधाकर सकाळी गेला. धाकटा दीर माझा, डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता. कावीळ झाली तेव्हा सासूबाईंनी घरचंच औषध सुरू केलं. त्याचं नाव कुणाला सांगायचं नसतं, रोग्याच्या बायकोलाही नाही; सांगितलं की गुण जातो म्हणतात. कुंपणातल्या मेंदीचा पाला. मीच तोडला, मीच वाटून पिळला, सात दिवस. उजवा तळहात लाल झाला.

काल रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "झाडपाल्याचं काय दिलंत? नाव सांगा."

सासूबाई म्हणाल्या, "नाय, काय नाय दिला."

मी मूठ मिटून घेतली. का? त्यांची भीती, की गुण जाईल असं मलाही वाटलं? सांगितलं असतं तर वाचला असता का, कोण जाणे. पण डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं.

मेंदी फुललीय. वास ओटीपर्यंत येतोय.

दुपारी सुधाकरची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. रडता रडता तिला माझा तळहात दिसला. तिनं माझा हात धरून उलटा केला.

"ताई, हे तिथं तळमळत व्हते, नि तू मेंदी काढलीस?"

मी "व्हय" म्हटलं.